वन बीएचके : फटीतला सूर्य

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं. वाकडमधल्या एका बिल्डिंगचा सहावा मजला. बेडरूममध्ये एक माणूस पालथा झोपलाय. डोक्यावर उशी, उशीवर टॉवेल, टॉवेलवर स्वतःचाच हात. आणि पडद्याच्या कडेतून निघालेली एक सोनेरी रेघ भिंतीवरून उतरून, चादरीवरून सरपटत बरोब्बर त्याच्या कानापर्यंत पोचलीये. उशीखालून आवाज येतो, "या सूर्याला आपला पत्ता कुणी दिला?"

हसू नका. निदान मोठ्याने तरी नको, कारण तो पावणेसहाला झोपलाय.

तो माणूस म्हणजे अर्थातच आमचे नवरोबा. हिंजवडीत कामाला. शिफ्ट संध्याकाळी सात ते पहाटे चार, कारण त्याचे क्लायंट अमेरिकेत जागे असतात तेव्हा आपल्याकडे रात्र असते. पाचच्या सुमाराला कॅब सोडते, तो चहाऐवजी दूध पितो, आणि अख्खं पुणं उठायच्या तयारीत असताना आडवा होतो. आमची बेडरूम पूर्वेकडे तोंड करून. फ्लॅट बघायला आलो तेव्हा एजंट मोठ्या कौतुकाने म्हणाला होता, "मॅडम, सकाळचं ऊन थेट बेडवर!" मी खूश. नवरोबा तेव्हा दिवसपाळीत होता, म्हणून तोही खूश. मेअखेरीस पुण्यात सहाच्या ठोक्याला सूर्य हजर असतो, हे गणित तेव्हा कोण करतंय?

आणि मी? मी फ्रीलान्सर. म्हणजे नातेवाइकांच्या भाषेत 'घरीच असते'. माझं टेबल बेडरूमच्या त्याच खिडकीपाशी, कारण हॉलमध्ये सोफा आणि टीव्ही ठेवल्यावर उरते ती फक्त चपला काढायची जागा. थोडक्यात, एक खिडकी आणि दोन मागण्या. त्याला हवा काळोख, मला हवा उजेड. लग्नाला दीड वर्ष झालं, आणि आमची सगळ्यात मोठी भांडणं पैशांवरून नाही, सासर-माहेरावरून नाही, तर पडद्यावरून झालीत.

यात हसण्यासारखं फार आहे हे मलाही कळत होतं. मग एक रविवार आला. दुपारी आम्ही बाइकवरून डांगे चौकात सिग्नलला थांबलो. सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले, पण बाइक हलेना. मी खांदा हलवला तेव्हा तो दचकला. एक पाय रस्त्यावर टेकवून, हातात क्लच धरून, तो तीस सेकंदांच्या सिग्नलला चक्क झोपला होता. बाइक चालवत असताना झोपला असता तर, हा विचार आम्ही दोघांनीही मोठ्याने बोलून दाखवला नाही. घरी येईपर्यंत दोघंही गप्प होतो.

त्या संध्याकाळी आम्ही पडदे घ्यायला गेलो.

शोरूममधल्या सेल्समनने कापडावर मोबाइलचा टॉर्च मारून दाखवला. पलीकडे ठिपकाही नाही! ब्लॅकआऊटच्या कापडाला मागून फेसासारख्या लेपाचे थर दिलेले असतात आणि मधला थर काळा असतो. त्यामुळे पुढून क्रीम रंगाचा दिसणारा पडदाही उजेड अडवू शकतो. आम्ही भारावलो. दोन पडदे, वर चकचकीत रिंगा, दोन दिवसांत फिटिंग. बिल बघून नवरोबा म्हणाला, "एवढ्या पैशांत रात्रच विकत आली असती."

तिसऱ्या दिवशी सकाळी सहा वीसला सोनेरी रेघ पुन्हा कानावर. पूर्वी खिडकीभर उजेड यायचा, आता चारही बाजूंनी उजेडाची चौकट. देवाच्या फोटोभोवती लायटिंग करतात तशी.

"कापड फसवं निघालं," नवरोबा म्हणाला. "शिफ्ट बदलून घे," मी म्हणाले. आणि पुढचे दोन दिवस आम्ही फक्त मेसेजवर बोललो. तसे आमच्या वेळा जुळत नाहीत म्हणून एरवीही मेसेजवरच बोलतो, पण हे दोन दिवस वेगळे होते, हे लग्न झालेल्यांना सांगायला नको.

त्याच आठवड्यात माझी आई राहायला आली. तिने बेडरूमचं दार उघडलं, आत डोकावली, आणि काहीही न विचारता निदान केलं. "कापडाला काय धाड भरलीये? कडा बघ की कडा."

आईला हे ठाऊक असण्याला कारण आहे. माझे बाबा भोसरीच्या एका कारखान्यात होते. तीन आठवड्यांतून एक आठवडा थर्ड शिफ्ट. रात्री अकराला जायचे, सकाळी साडेसातला यायचे. त्या आठवड्यात आमच्या दोन खोल्यांच्या घरात दिवस उगवायचाच नाही. आई खिडकीला आतून गोधडी लावायची. नुसती टांगायची नाही. वरून दोन खिळ्यांना अडकवायची, कडा चौकटीत खोचायची आणि खालचं टोक ट्रंकेखाली दाबायची. टीव्ही बंद, रेडिओ बंद, मैत्रिणी बंद. माझा आठवा वाढदिवस थर्ड शिफ्टच्या आठवड्यात आला आणि केक चक्क जिन्यात कापला गेला, तोही कुजबुजत! त्या गोधडीचा मला भयंकर राग यायचा. आमचं घर तेवढं काळोखात आणि शेजारच्यांचं उजेडात, हे काही मला पटत नसे.

आता जेवताना आई सहज म्हणाली, "मशीनवर काम होतं गं त्यांचं. झोप झाली नसती तर बोटं गेली असती."

इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला फक्त 'आवाज करू नका' एवढंच आठवत होतं. डांगे चौकातला तो सिग्नल आठवला आणि घास घशातच अडकला.

मग मी जरा अभ्यासाला लागले. (मास कॉमची डिग्री कुठेतरी वापरायला नको?) आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्या जागेच्या अगदी वर, शरीराचं मुख्य घड्याळ असतं. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७चं नोबेल मिळालं. घड्याळाला रोज चावी देतो तो उजेड. डोळ्यांच्या पडद्यात काही खास पेशी असतात. त्या चित्र बघण्यापेक्षा 'बाहेर दिवस आहे की रात्र?' याची खबर मेंदूला पोचवण्याचं काम करतात. निळसर उजेडाला त्या जास्त जागतात, आणि सकाळच्या आभाळात तो भरपूर असतो. खबर पोचली की झोपेची वर्दी देणारं मेलाटोनिन कमी होतं. डोळे मिटले म्हणून सुटका नाही, कारण पापणी हासुद्धा एक पातळ पडदाच आहे.

मग किती काळोख पुरे? उजेड लक्समध्ये मोजतात. भर दुपारचं ऊन लाखभर लक्स, ऑफिसचं टेबल तीनशे ते पाचशे, पौर्णिमेचं चांदणं जेमतेम पाव लक्स. २०२२ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने 'प्लॉस बायॉलॉजी' या नियतकालिकात शिफारस केली, की झोपताना डोळ्यांपाशी उजेड एक लक्सच्या वर नसावा. (त्यांचं माप निळसर उजेडाला जास्त वजन देणारं आहे, पण अंदाज यायला एवढं पुरे.) त्याच वर्षी अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. वीस निरोगी तरुण. त्यातले निम्मे एक रात्र शंभर लक्सच्या उजेडात झोपले. त्यांच्या हृदयाचे ठोके रात्रभर जास्त राहिले, आणि सकाळी शरीर इन्शुलिनला नेहमीइतकी दाद देईना. बरं, त्यांना झोप लागली होती! म्हणजे 'मला उजेडातही झोप लागते' ही काही फुशारकी मारायची गोष्ट नाही.

आता आमच्या खिडकीचं गणित. खिडकी पाच फूट रुंद, चार फूट उंच, म्हणजे वीस चौरस फूट. पडद्याचा रॉड भिंतीपासून तीन इंच पुढे, म्हणजे वरून पाच फूट लांब आणि तीन इंच रुंद फट. सव्वा चौरस फूट! दोन्ही कडांना एकेक इंच, मिळून पाऊण चौरस फुटाला जरा कमी. मध्ये दोन पडदे भेटतात तिथे अर्धा इंच. सगळं मिळून दोन चौरस फूट. म्हणजे एवढे पैसे मोजून आम्ही खिडकीचा दहावा हिस्सा सताड उघडा ठेवला होता. फटीतून येणारा सगळाच उजेड काही उशीवर पडत नाही. पण पांढरंशुभ्र छत आणि पांढऱ्या भिंती त्याला हातोहात खोलीभर पोचवतात.

शोरूममध्ये टॉर्च मारला होता तो कापडाच्या मधोमध. घरी सूर्य येतो तो कडेने.

आईच्या देखरेखीखाली 'ऑपरेशन काळोख' सुरू झालं. पहिली पायरी अगदी फुकट. सकाळी खिडकीवर थेट ऊन असताना पडदे लावा, दार लावा, दिवे बंद करा आणि दहा मिनिटं गप्प बसा. मोबाइल बघायचा नाही. डोळे सरावले की आधी न दिसलेल्या फटी एकेक करून बोलायला लागतात. आम्ही मायलेकी पलंगावर बसून बोटं दाखवत होतो. "ती बघ वरची." "ती रिंगेपाशी." "दाराखाली काय चमकतंय?" दिसेल तिथे पेन्सिलने बारीक खूण केली. एकूण अकरा खुणा झाल्या.

सगळ्यात मोठा चोर वरचा. रॉडच्या वरून निघालेला उजेड थेट छतावर जातो आणि तिथून खाली सांडतो. यावर उपाय काय, तर पेल्मेट! आठवतंय? आपल्या लहानपणी खिडकीवर सनमायका लावलेली लाकडी पेटी असायची, वर धूळ आणि मागे पाल. घराचं रिनोव्हेशन करताना 'आउटडेटेड' म्हणून सगळ्यांनी ती आधी काढून टाकली. आम्हीही. ती शोभेची वस्तू नव्हती, उजेडाचं झाकण होतं, हे आता कळलं. फक्त पुढची फळी असून भागत नाही, वरून बंद हवी. आतून गडद रंग दिला तर उजेड आतल्या आत कमी उसळतो.

पण आमचं घर भाड्याचं. घरमालकांचा फोनवर एकच मंत्र, "भिंतीला भोक नाही!" मग आईने टीव्हीचं खोकं मागवलं. पुठ्ठ्याची लांब पेटी कापली. वरची बाजू बंद, दोन टोकं बंद, खालची आणि मागची उघडी. आतून काळा कागद, बाहेरून उरलेलं पडद्याचंच कापड. रॉडच्या ब्रॅकेटना केबल टायने बांधली आणि मागची कड भिंतीला टेकवली. दिसायला शोरूमची नाही, पण वाईटही नाही. छतावरचा सूर्य त्याच मिनिटाला मावळला.

स्वतःचं घर असेल तर गोष्ट आणखी सोपी. सुताराकडून प्लायचं पेल्मेट करून घ्या, किंवा पडद्याचा ट्रॅक थेट छतालाच लावा. रॉडच ठेवायचा असेल तर दोन्ही टोकांना भिंतीकडे वळणारा घ्या, म्हणजे पडदा कोपऱ्यात वळून भिंतीला भिडतो. आणि रॉड खिडकीएवढाच लांब घेऊ नका. दोन्हीकडे सहा ते आठ इंच जास्त, वरही तेवढाच उंच. पडदा खाली निदान आठ-दहा इंच उतरू दे, जमिनीपर्यंत गेला तर उत्तमच. कापडात कंजुषी केली की ताणून बसवलेला पडदा मध्ये हमखास तोंड उघडतो. रॉडच्या लांबीच्या दुप्पट कापड धरा.

मग आल्या कडा. इथे मी हुशारी केली. पडद्याच्या कडेला वेलक्रो शिवला, दुसरी पट्टी भिंतीला चिकटवली. दोन धडे मिळाले. पहिला : लेपाच्या कापडात सुई घातली की प्रत्येक टाक्याचं भोक हा एक तारा होतो. सकाळी पडद्यावर चांदण्यांची सरळ रांग! शिवायचंच असेल तर दुमडलेल्या काठातच शिवावं, किंवा कापडाचा गोंद वापरावा. दुसरा : तो झोपलेला असताना मला टेबलावरची डायरी हवी होती. म्हणून पडदा जरासा बाजूला केला, तर वेलक्रो म्हणाला 'चर्रर्रर्र'. उशीखालून आलेले शब्द छापता येणार नाहीत.

मग लोहचुंबक. बोहरी आळीत चपटी गोल चुंबकं मिळाली, काठाच्या दुमडीत सरकवली, मोठ्या रुबाबात खिडकीच्या चौकटीला लावायला गेले तर एकेक करून सगळी खाली. अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, हे सातवीच्या विज्ञानात शिकलो होतो. आपण परीक्षेनंतर विसरतो ते नेमकं संसारात लागतं. परत बोहरी आळी, आणि पातळ लोखंडी पट्ट्या. (स्टीलची घेणार असाल तर दुकानातच चुंबक लावून बघा, काही स्टीलला चुंबक धरत नाही.) पट्ट्या डबल टेपने भिंतीला लावल्या. आता पडदा कडेला हलकेच 'टक्' करून बसतो. खिडकी मागून उघडी असली आणि वारा आला तरी फडफडत नाही. दोन पडद्यांच्या मधल्या फटीला चार इंच एकावर एक कापड आणि कपड्यांचे तीन चिमटे. हो, साधे दोरीवरचे.

दाराखालची फट पायपुसण्याची गुंडाळी करून बुजवली. एसीवरचा हिरवा ठिपका आणि चार्जरचा निळा डोळा यांना काळी इन्सुलेशन टेप. अकराच्या अकरा खुणा खोडल्या.

ब्लॅकआऊट हा शब्द आला की माझ्या आजीची आठवण निघतेच. डिसेंबर १९७१, बांगलादेश युद्धाचे दिवस, गिरगावातली चाळ. रात्री मुंबई काळोखात ठेवायची म्हणून खिडक्यांच्या काचांना काळे कागद, गाड्यांच्या हेडलाइटना वरून अर्धा काळा रंग. कागदाच्या कडेतून जराशी रेघ बाहेर दिसली तरी खालून कुणीतरी ओरडायचं, "लाइट बंद करा!" तेव्हा उजेड बाहेर जाऊ द्यायचा नव्हता, आता आत येऊ द्यायचा नाही. दोष तेव्हाही कडेचाच आणि आताही कडेचाच.

काही चुकाही कबूल करते. उत्साहाच्या भरात मी काचेलाच काळा पुठ्ठा चिकटवणार होते. आईने थांबवलं, आणि नंतर वाचल्यावर कळलं की बरं केलं. उन्हातल्या काचेला आतून काळं काही चिकटवलं तर काच असमान तापते आणि कधीकधी तडकते. दुसरी गोष्ट हवेची. काळोख कोंदायचा, हवा नाही. सगळीकडे टेप मारून खोली डबाबंद केलीत तर पावसाळ्यात पडद्यामागे ओल धरते आणि बुरशी येते. म्हणून पडद्यामागे खिडकीचं एक दार थोडं उघडं ठेवा, आणि खोली रिकामी असेल तेव्हा पडदे पूर्ण सारून वारा खेळू द्या.

आता मुख्य प्रश्न. उजेड गेला, पण माझं काय?

मी त्या दहा मिनिटांच्या काळोखात पलंगावर बसले होते तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं, की आठ वर्षांची मी हेच भोगत होते. घरातल्या एकाच्या झोपेसाठी सगळ्यांनी दिवस बंद करायचा. आणि गंमत म्हणजे ज्या शिफारशीत झोपेसाठी एक लक्सची मर्यादा आहे, तिच्यातच दिवसा डोळ्यांपाशी निदान अडीचशे असावेत असंही म्हटलंय. म्हणजे उजेड हवा ही माझी मागणी नखऱ्याची नव्हती. त्याला काळोख हे जसं औषध, तसाच मला उजेड. दोघांचंही बरोबर होतं, फक्त खिडकी एकच होती.

मी आईला विचारलं, "तुला नाही का गं कंटाळा यायचा? महिन्यातला एक आठवडा काळोखात?"

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मी कुठे काळोखात होते? गोधडी लावली की मी बाहेर गॅलरीत. तांदूळ निवडणं, शिवण, सगळं तिथेच. घरात झोपायचे ते झोपायचे, मी माझा उजेड घेऊन बसायची."

दुसऱ्या दिवशी आम्ही माझं टेबल उचललं. किचनला लागून आमची एक चिमुकली ड्राय बाल्कनी आहे. तिथे वॉशिंग मशीन, दोन बादल्या आणि मॉप यांचं राज्य होतं. बादल्या बाथरूममध्ये, मॉप दारामागे, आणि मशीनशेजारी माझं टेबल. टेबल बसलं, पण खुर्ची मागे सरकवायची तर आधी उभं राहावं लागतं. मशीन स्पिनला लागलं की लॅपटॉपवर भूकंप येतो. पण उत्तरेचा मऊ उजेड दिवसभर असतो, आणि फोनवर मोठ्याने बोलता येतं. हा लेख तिथेच बसून लिहितेय.

हे सगळं करून दोन महिने झाले. सुरुवातीला नवरोबा जेमतेम चार तास झोपायचा, आता बहुतेक दिवशी साडेसहा-सात. रोज नाही. वरच्या मजल्यावर ड्रिल चाललं, कुरिअरवाल्याने बेल वाजवली, की गेलं सगळं मुसळ केरात. पडदा लावला म्हणून रात्रपाळीची दिवसपाळी होत नाही, हे मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. त्याने शिफ्ट बदलून मागितलीये आणि उत्तराची वाट बघतोय. पण तोवर तो रविवारी बाइकवर जागा असतो. मी अजूनही प्रत्येक सिग्नलला त्याच्या खांद्यावर हात ठेवते. तो म्हणतो, "जागा आहे गं." मी हात काढत नाही.

आणि एक नवीन नियम झालाय. दुपारी एक वाजता मी बेडरूमचं दार उघडते, चिमटे काढते, चुंबकं 'टक् टक्' सोडवते, आणि पडदे पूर्ण सारते. उठल्यावर भरपूर उजेड मिळाला तर शरीराला कळतं की आता दिवस सुरू झाला. अख्ख्या पुण्याचं जेवण होत आलेलं असतं आणि आमच्याकडे दिवस उगवतो. तो डोळे चोळत विचारतो, "किती वाजले?" मी सांगते, "सकाळ झाली."

परवा आईचा फोन आला. पडदे टिकलेत का, एवढंच विचारलं. मग जरा थांबून म्हणाली, "हे म्हणतायत, त्या गोधडीचं काय झालं विचार." आईने मागच्या खेपेला ती बरोबर आणली होती आणि जाताना आमच्याकडेच ठेवली, हे बाबांना माहीत नव्हतं. खिडकीला आता तिची गरज नाही. एसी लावून झोपलेल्या जावयाच्या अंगावर असते.

जाता जाता...

• पैसे कमी असतील तर आधी जाड कापडाचा आय मास्क घ्या. पडद्यांचा खर्च नंतर.

• पडदे नवे घेण्याआधी आहेत त्यांच्या फटी मोजा. बरेचदा कापड बदलायची गरजच नसते.

• भिंतीला टेप लावणार असाल तर आधी कपाटामागे छोटा तुकडा लावून काढून बघा. रंग निघाला तर डिपॉझिटही निघालं समजा!

• ब्लॅकआऊट पडदे गरम पाण्यात धुवू नका, पिळू नका, लेपाच्या बाजूने इस्त्री तर नकोच. लेप तडकला की पडद्यावर आकाशगंगा दिसते.

• दिवसपाळीवाल्यांनो, तुम्हाला सकाळचा उजेड हवाच असतो. उठल्याबरोबर आधी पडदे सारा, मोबाइल नंतर.

• आणि शेजारी कुणी रात्रपाळीला असेल, तर सकाळी दहाला ड्रिल सुरू करण्याआधी एकदा त्यांचा विचार करा. प्लीज!